ड्युटेरियमची इलेक्ट्रॉनिक रचना हायड्रोजनसारखीच, मग इलेक्ट्रॉन-टकरीतले रेझोनन्स वेगळे कसे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: रचना तीच असताना फरक का, आणि ३.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला इलेक्ट्रॉन रेणूला चिकटून रेणू तुटतो तेव्हा ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) ऋण आयन हायड्रोजनच्या चाळिसाव्या हिश्शाइतके येतायत ते बरोबर आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बरोबर नाही, प्रत्येक वायूच्या स्वतःच्या शिखराला मोजलं तर दोनशेव्या हिश्शाच्या आसपास यायला हवेत. शुल्झ आणि असुंडी यांनी १९६७ मध्ये मोजलेले क्रॉस-सेक्शन (ही घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळात मोजणारा आकडा) पाहा: हायड्रोजन १.६ × १०⁻²¹ चौ. सेंमी, एचडी (एक हायड्रोजन, एक ड्युटेरियम अणू असलेला रेणू) १ × १०⁻²², ड्युटेरियम ८ × १०⁻²⁴. "रचना तीच म्हणून क्रॉस-सेक्शनही तेच" हे वाक्य अजून ऐकू येतं तेव्हा मला खरंच राग येतो.

ऋण आयनाचा पोटेन्शियल कर्व्ह (अंतरानुसार ऊर्जा कशी बदलते तो आलेख) आणि रेझोनन्सची, म्हणजे इलेक्ट्रॉन चिकटलेल्या तात्पुरत्या अवस्थेची, रुंदी दोघांनाही सारखीच असते, इथवर तुमचं म्हणणं मान्य. पण इलेक्ट्रॉन चिकटला की दोन अणुकेंद्रकं दूर सरकू लागतात आणि अंतर सुमारे ३ बोर (अणूच्या मापाचं एकक) होईपर्यंत इलेक्ट्रॉन कधीही निसटू शकतो. रुंदी काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे आयुष्य एका फेम्टोसेकंदाहूनही कमी. हायड्रोजनचं एक कंपन मात्र ७.६ फेम्टोसेकंदांचं. ड्युटेरियमचं रिड्यूस्ड मास (दोन केंद्रकांच्या सापेक्ष हालचालीचं परिणामी वस्तुमान) दुप्पट, म्हणून तेच अंतर कापायला √२ पट वेळ लागतो, आणि टिकण्याची शक्यता त्या वेळेबरोबर घातांकी घटते.

गणित करून बघा. टिकण्याची शक्यता e⁻ˣ मानून हायड्रोजनसाठी घातांक x १२.८ धरला तर ड्युटेरियमसाठी तो १८.१ येतो, आणि दोन शक्यतांचं गुणोत्तर २०० भरतं. हायड्रोजनमध्ये टिकण्याची शक्यता सुमारे ३ × १०⁻⁶ निघते. तिने १.६ × १०⁻²¹ ला भागलं की पकडीचं क्रॉस-सेक्शन ५ ते ६ × १०⁻¹⁶ चौ. सेंमी येतं. या ऊर्जेला ते अगदी पटण्याजोगं आहे.

आता तुमचा चाळिसावा हिस्सा. माझा पहिला संशय ड्युटेरियममधल्या हायड्रोजनवर. २ टक्के हायड्रोजन मिसळला की एकूण सिग्नल बरोबर चाळिसाव्या हिश्शावर येतो. अर्धा टक्का असला तरी तो दुप्पट होतो. त्यासाठी सिलिंडर अशुद्ध असायलाच हवा असं नाही. चेंबरचा तळदाब १०⁻⁷ मिलिबार असेल, तर स्टीलच्या भिंतींतून सुटणारा वायू बहुतेक हायड्रोजनच असतो. ड्युटेरियम १०⁻⁵ ला चालवलात की एक टक्का तिथेच भरला. शिवाय तापलेल्या फिलामेंटवर अदलाबदल होऊन एचडी तयार होतो, आणि एचडी ड्युटेरियमपेक्षा बारापट जोरात बोलतो. मास फिल्टर (आयन वस्तुमानानुसार वेगळे करणारं उपकरण) लावा, वस्तुमान १ चे (हायड्रोजन) आणि २ चे (ड्युटेरियम) आयन वेगळे मोजा. त्याशिवाय या गुणोत्तराला काही अर्थ नाही. फिल्टर लावूनही एचडीतून आलेला २ चा आयन वेगळा ओळखता येणार नाही, पण १ ची उंची पाहून त्याचा अंदाज बांधता येतो.

दुसरं, दोन्ही वायू एकाच ऊर्जेवर मोजू नका. हायड्रोजनचा थ्रेशोल्ड, म्हणजे आयन तयार व्हायला लागणारी किमान ऊर्जा, ३.७२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, ड्युटेरियमचा ३.८०. म्हणजे ३.७५ ला तुम्ही ड्युटेरियमच्या थ्रेशोल्डखाली आहात. तिथे दिसतो तो बीमच्या पसरटपणाचा आणि गरम रेणूंचा सिग्नल. शिखर एका बाजूला उभं कापल्यासारखं असतं, त्यामुळे बीम अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट पसरलेला असेल तर उंचीही खोटी येते. स्कॅन करा आणि शिखराखालचं क्षेत्रफळ घ्या. स्कॅन ६.५ पर्यंत नेलात आणि तिथे हायड्रोजनचा ऋण आयन दिसला, तर ते पाणी आहे. चेंबर पुन्हा भाजून काढा.

गरम रेणूंचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. हायड्रोजनमध्ये एक कंपन-पातळी वर गेलं की क्रॉस-सेक्शन तीसेक पट होतं, चार पातळ्यांत सुमारे दहा हजार पट होतं (ॲलन आणि वाँग, १९७८). १४०० केल्विनला पहिल्या पातळीत हायड्रोजनचे १.४ टक्के रेणू असतात, ड्युटेरियमचे साडेचार, आणि ड्युटेरियममधली वाढ आणखी तीव्र. परिणामी समस्थानिकांमधला फरक झाकला जातो. फिलामेंटचा प्रवाह बदलून बघा. गुणोत्तर हललं तर चोर सापडला.

१० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रुंद शिखराला आणि १४ च्या शिखराला हा फरक बराच सौम्य आहे. १० ला आयन सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन सुटतो, त्यामुळे कमी एक्स्ट्रॅक्शन व्होल्टेजला (आयन बाहेर ओढणाऱ्या व्होल्टेजला) तो हरवतो. १४ चे मंद आयन मात्र सगळे गोळा होतात. ११.३ पासूनच्या अरुंद फेशबाख (जास्त काळ टिकणाऱ्या रेझोनन्सच्या) मालिकेत फरक वेगळा दिसतो: शिखरांमधलं अंतर ०.३ वरून सुमारे ०.२ वर येतं.

प्लाझ्मा मॉडेलमध्ये ड्युटेरियमसाठी हायड्रोजनचे आकडे सरळ चिकटवणाऱ्यांना मी हेच सांगत आलोय: प्रत्येक कंपन-पातळीसाठी वेगळा आकडा घ्या. थंड वायूत चूक २०० पटींची होते. खूप तापलेल्या वायूत ती कमी होते, हे मान्य करायला हवं.

एक मर्यादा राहिली. वरचा √२ चा हिशेब एचडीला हायड्रोजनचा सातवा हिस्सा देतो, मोजलेला मात्र सोळावा आहे. थ्रेशोल्डजवळ शून्यबिंदू ऊर्जा (सर्वात खालच्या पातळीतही उरणारी कंपन-ऊर्जा) आणि नॉनलोकल परिणाम (इलेक्ट्रॉन निसटण्याचा दर केवळ त्या क्षणीच्या अंतरावर अवलंबून नसणं) हिशेबात धरावेच लागतात. ट्रिशियमला याच हिशेबाने हायड्रोजनच्या दहा हजाराव्या हिश्शाहून थोडं कमी येतं. ते फक्त आकडा दहाच्या कितव्या घाताचा आहे हे कळण्यापुरतं धरा, टेबलात भरू नका.