डीपी बिल्डरच्या खर्चाने बसली, म्हणून ती बिल्डरची?

प्रश्न : कुपवाडला महापालिका हद्दीतल्या एका लेआउटमध्ये आम्ही प्लॉट घेतला, घरही बांधून झालं. मीटरसाठी धावाधाव सुरू केली तर प्लॉट विकणारे म्हणतात, "डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि पोल माझ्या पैशाने उभे केलेत, ती माझी खासगी डीपी आहे. साठ हजार द्या, मग ना-हरकत पत्र देतो." वीज कार्यालयातही तोंडी तेच सांगितलं, पत्र आणा म्हणून. शेजारच्यांनी गुपचूप पैसे दिले. कंपनी सरकारी आहे म्हणून हे चालतं का? खासगी असती तर मीटर मिळाला असता?

उत्तर : पैसे देऊ नका. आधी शेजाऱ्यांचं वीजबिल मागून बघा. बिल त्यांच्या स्वतःच्या नावावर, वेगळ्या ग्राहक क्रमांकाने येतंय का? डीपीचा फ्यूज उडाला की कंपनीचा वायरमन येतो का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. सगळ्या लेआउटला एकच मीटर, तोही विकसकाच्या नावावर आणि घरोघरी सबमीटर, असा प्रकार असेल तर मात्र पुढचं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. मग कागदपत्रं घेऊन भेटा.

लेआउटमध्ये विकसकाने स्वतःच्या खर्चाने, परवानाधारक ठेकेदाराकडून डीपी उभी करायची आणि कंपनीने देखरेख शुल्क घ्यायचं, ही पद्धत जुनीच आहे. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांत अशा 'समर्पित वितरण सुविधे'ची व्याख्याच मुळी 'परवानाधारकाच्या (म्हणजे वीज कंपनीच्या) वितरण प्रणालीचा भाग' अशी आहे. ती प्रणाली सांभाळायची जबाबदारी विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४२ ने कंपनीवर टाकली आहे. पैसा कुणाचा लागला हा मुद्दा इथे गैरलागू. (तो खर्च प्लॉटच्या दरात धरला नसेल, यावर माझा तरी विश्वास नाही.) आणि डीपी खरोखरच खासगी असेल, तर तिच्यावरून दुसऱ्यांना वीज वाटायला कलम १२ खाली परवाना लागतो. तो दाखवा म्हणावं!

आता सरकारी की खासगी. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली, ती आजही राज्य सरकारच्या मालकीची. मुंबईत काही भागांत खासगी कंपन्या वीज देतात, बेस्ट महापालिकेची आहे. पण मागेल त्याला वीज देण्याचं कलम ४३ चं बंधन परवान्याला चिकटलेलं आहे, मालकाला नाही. विलंब झाला तर दिवसाला १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे, आणि तीही सगळ्यांना सारखी. सरकारी मालकीचा तुम्हाला एक फायदा मात्र आहे : माहितीचा अधिकार. १० रुपयांचा अर्ज करा आणि या डीपीचा मंजूर अंदाजपत्रकाचा कागद, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि हस्तांतरणाची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या उत्तराची वाट बघत मीटरचा अर्ज अडवून ठेवू नका. खरेदीखत आणि परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट जोडून अर्ज आजच भरा, पोच घ्या. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. पूर्ण अर्ज आल्यापासून महापालिका हद्दीत ७ दिवसांत जोडणी द्यायची आहे. नवी लाइन ओढावी लागत असेल तर जास्त वेळ लागेल, पण तुमच्या दारात पोल उभा आहे. कुणी पुन्हा ना-हरकत मागितली तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागा. तोंडी सांगणारे लेखी द्यायची वेळ आली की बहुधा मऊ होतात. नाहीच झाले तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. तुमच्यासाठी तो कोल्हापूर परिमंडळाचा, सांगली त्यातच येते. तिथेही नाही जमलं तर विद्युत लोकपाल. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं, तेवढं लक्षात असू द्या.

खरेदीखत मात्र एकदा शांतपणे वाचा. वीज सुविधेचा खर्च वेगळा द्यायचं त्यात कबूल केलं असेल, तर तेवढ्या रकमेचा दावा विकसक दिवाणी न्यायालयात लावू शकतो. मीटर अडवायचा हक्क त्याला तेव्हाही नाही. आणि शेजाऱ्यांना विचारा, पावती मिळाली का?