खिडकीत पंखांचा ढीग, वाळवी असेल का?

प्रश्न: सांगलीत नदीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, 2019 च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आलेलं. परवा पाऊस झाला त्या रात्री ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले आणि सकाळी खिडकीत नुसता पंखांचा ढीग. सासूबाई म्हणतात मुंग्यांना पंख फुटलेत, सोड. मला वाळवीची भीती वाटतेय, कसं ओळखू?

उत्तर: ताई, तुमची शंका रास्त आहे. एखादा किडा कागदावर घेऊन नीट बघा, मुंगीची कंबर एकदम बारीक आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे, वाळवीला कंबर अशी नसतेच आणि चारही पंख साधारण सारख्या लांबीचे, ते पटकन गळतात म्हणून तर ढीग पडतो. पण लाइट बघून त्या बाहेरूनही येतात, त्यामुळे लगेच घाबरू नका, आधी दाराची चौकट तपासा. उंबऱ्याजवळ, जिन्याखाली पेन्सिलीएवढी मातीची नळी (वाळवीची ये-जा करायची वाट) वर चढलीय का बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोका, पोकळ वाजलं तर आतून खाल्लेलं असू शकतं, वरून रंग कितीही चांगला दिसू दे. मैद्यासारखी पूड आणि बारीक गोल भोकं असतील तर मात्र तो लाकूड पोखरणारा भुंगेरा, त्याचा इलाज वेगळा. आणि नळी सापडली तर प्लीज नुसतं रॉकेल ओतून मोकळं होऊ नका, राणी बहुतेक खाली जमिनीत असते, वरच्या चार मरतात आणि बाकीच्या दुसरीकडून वाट काढतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला नळी न मोडता दाखवा, भिंतीकडेने ड्रिल मारून जमिनीत औषध सोडणार का हेही आधीच विचारा.