ईएमएफमध्ये एका रिसोर्सची डिपेन्डन्सी कशी शोधायची

अरे, ईएमएफमध्ये (एक्लिप्स मॉडेलिंग फ्रेमवर्क, जावात मॉडेल्स बनवायचं) तुझा रिसोर्स, म्हणजे एक मॉडेल फाइल, दुसऱ्या कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते बघायला एक्सएमआय फाइल (मॉडेल ज्यात साठवतात ती एक्सएमएल) उघडून एचरेफ (दुसऱ्या फाइलकडच्या लिंक) शोधत बसू नकोस, नवीन असताना मी पण तेच करायचो आणि अर्धे रेफरन्स निसटायचे. ईएमएफच्या इकोअरयुटिल या मदतनीस क्लासमध्ये एक्स्टर्नलक्रॉसरेफरन्सर आहे, त्याच्या फाइंडला तुझा रिसोर्स दे, मॅप मिळेल, त्यातल्या की म्हणजे बाहेरचे ऑब्जेक्ट आणि व्हॅल्यू म्हणजे तुझ्याकडचं कोण कुठल्या फीचरमधून तिकडे बोट दाखवतंय ते. आता प्रत्येक कीवर लगेच ईरिसोर्स (तो ऑब्जेक्ट कुठल्या रिसोर्समध्ये आहे ते) मागू नकोस, प्रॉक्सी (दुसऱ्या फाइलमधल्या ऑब्जेक्टची जागा धरणारा तात्पुरता ऑब्जेक्ट) रिझॉल्व्ह झाली नसेल, म्हणजे खरा ऑब्जेक्ट मिळाला नसेल, तर नल येतं आणि नेमकी तुटलेली लिंकच यादीतून गळते, जी खरं तर सगळ्यात आधी दिसायला हवी. त्यापेक्षा इकोअरयुटिलचं गेटयूआरआय घे, त्यावर ट्रिमफ्रॅगमेंट कर (म्हणजे फाइलच्या आतल्या ऑब्जेक्टचा भाग कापून टाक), आणि ते सेटमध्ये टाक, प्रॉक्सी असली तरी फाइलचा पत्ता मिळतो.

शोधताना प्रॉक्सी रिझॉल्व्ह होतात म्हणजे नवीन रिसोर्स लोड होतात, त्यामुळे रिसोर्ससेटच्या (लोड झालेले सगळे रिसोर्स ज्यात असतात त्याच्या) यादीवर साधा फॉर-ईच फिरवलास तर कॉन्करंटमॉडिफिकेशन एक्सेप्शन येईल, आधी यादीची कॉपी घे.

उलटं, म्हणजे माझ्यावर कोण अवलंबून आहे, त्यासाठी युसेजक्रॉसरेफरन्सर, सारखं विचारायचं असेल तर ईक्रॉसरेफरन्सअ‍ॅडॉप्टर लाव. पण दोघांनाही फक्त लोड झालेलंच दिसतं हां! डिस्कवर पडलेली, न उघडलेली फाइल त्यांच्या लेखी नाहीच, म्हणून एखादा ऑब्जेक्ट डिलीट करण्याआधी सगळी मॉडेल्स लोड कर.

आणि कंटेनमेंटमधलं मूल (म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टच्या मालकीचा, त्याच्या पोटातला ऑब्जेक्ट) वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं असेल तर ते क्रॉस रेफरन्स धरलं जात नाही, ते वेगळं तपासावं लागतं.