आधी लाकूड, मग वस्तू

चि. बाळ, आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. सांगलीच्या खणभागातल्या पाडलेल्या वाड्याचे ४ सागवानी वासे, कुपवाड एमआयडीसीतलं एक पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) आणि मोबाईलवर ५ बाय ३ फुटांचं जेवणाचं टेबल. खाली प्रश्न काय, तर पॉलिश कोणतं मारू? अरे, पॉलिश सगळ्यात शेवटी. ते टेबल आधी डोक्यातून काढ.

हिशेब कर. पॅलेटच्या वरच्या ७ फळ्या, प्रत्येकी ४ इंच रुंद. कडा रंधल्या की साडेतीन उरतात, म्हणजे एकूण साडेचोवीस इंच. टोकं खिळ्यांपाशी चिरलेली, तिथले दोन्हीकडून २ इंच गेलेच. पाऊण इंच जाडी रंधून जेमतेम अर्धा इंच राहील. यात पाट होईल, मसाल्याच्या बरण्यांची मांडणी होईल. वखारीत आपण माप सांगतो; इथे माप लाकूड सांगतं.

पॅलेटवरचा शिक्का बघितलास का? ‘एचटी’ म्हणजे ५६ अंश सेल्सियसवर निदान ३० मिनिटं तापवलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, घरात नको. तेलाचे डाग किंवा औषधाचा वास असेल तर शिक्का कोणताही असो, स्वयंपाकघरात नाही.

पहारीने फळ्या उचकटू नकोस. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, ते सुटत नाहीत, फळीच फाटते. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळा काप, मग उरलेला तुकडा खालून पंचने ठोकून वर काढ. शेवटी लोहचुंबक फिरव. वाशांवरून तर दोनदा फिरव. मोडलेला खिळा आत दडलेला असतो आणि रंध्याच्या पात्याला तोच सापडतो. या घाईत मीही पाती आणि साग दोन्ही घालवलेत, म्हणून आवाज चढतो.

वासे पुरात भिजलेले आहेत म्हणालास. आधी गाळ धू, रेतीने धार जाते. मग सावलीत रच, प्रत्येक दीड फुटावर मध्ये १ इंची पट्टी घाल. एक तुकडा दर रविवारी वजन करून लिहून ठेव. वजन उतरायचं थांबेपर्यंत करवत लावायची नाही. रात्री खाली वर्तमानपत्र पसर; सकाळी ताजी पिठी दिसली तर कीड जिवंत आहे, तो वासा वेगळा काढ.

लोक याला भंगाराचा नाद म्हणतात. म्हणू देत. जुन्या सागाची वरचा करडा थर २-३ मिलिमीटर रंधला की आतला रंग बघ, मग मला सांग भंगार कुणाला म्हणायचं.

तर पाट कर. १८ बाय १२ इंच, खाली २ आडव्या पट्ट्या, वासा वाळल्यावर त्यातून कापलेल्या. पट्ट्या फेविकॉलने पूर्ण चिकटवू नकोस. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते, जखडली की मधोमध चिरते. प्रत्येक पट्टीला मधला स्क्रू घट्ट, टोकाच्या दोन स्क्रूंना लांबट भोकं. खिळ्यांची जुनी भोकं बांबूच्या काडीने बुजव.

काटकोन तपासायचा गुण्या नसेल तर माझा घेऊन जा. परत मात्र आण.