सर्टिफिकेट हातात, तरी एटीकेटीची भीती

निकालांच्या हंगामात एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेटही आलं. पण कॉलेज म्हणतं, याची क्रेडिट धरता येणार नाहीत. आता वर्ष जाणार का?" (क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीच्या हिशोबात धरले जाणारे श्रेयांक.) प्रश्न वरवर नियमाचा वाटतो. पण विचारणाऱ्याची झोप उडालेली असते आणि बहुतेक वेळा घरातही काहीतरी बिनसलेलं असतं. म्हणून यातलं एक प्रकरण जरा सविस्तर लिहिते आहे. मुलीची किंवा कॉलेजची ओळख पटेल असा कुठलाही तपशील ठेवलेला नाही.

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आई तिला घेऊन आली होती आणि सुरुवातीला सगळं आईच बोलत होती. "मॅडम, सगळ्या विषयांत पास आहे हो, एका विषयात गैरहजर! पेपरला गेलीच नाही. विचारलं तर म्हणते, मी दुसरीकडे परीक्षा दिली. हिचे बाबा तर तिच्याशी बोलायलाच तयार नाहीत."

मुलगी खाली बघत होती. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. दार लागल्यावर तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते कोर्सबद्दल नव्हतं, क्रेडिटबद्दलही नव्हतं. ती म्हणाली, "बाबांना वाटतं मी खोटं बोलले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या सेमिस्टरला एक इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय होता, त्यात तिचं मन लागत नव्हतं. कॉलेजमधल्या एका सीनियरनं सांगितलं की, 'स्वयं' या सरकारी वेबसाइटवर एखादा कोर्स केला की त्याची क्रेडिट मिळतात, इलेक्टिव्ह करावा लागत नाही. तिनं शोधाशोध करून मानसशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स निवडला, जानेवारीत नाव घातलं, दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत भरली, परीक्षेचा फॉर्म भरला, स्वतःच्या खर्चानं केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. उत्तम मार्क मिळाले. पण कॉलेजमध्ये यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. इलेक्टिव्हच्या तासांना ती गेली नाही, अंतर्गत मूल्यमापनाचं काही दिलं नाही आणि शेवटी त्या पेपरला बसलीही नाही. सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात गेली तेव्हा खिडकीवरच उत्तर मिळालं: हा कोर्स आमच्या यादीत नाही, तुमचं नाव समन्वयकांकडे नाही, विषयात गैरहजर म्हणजे एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय मागे ठेवून पुढे जाणं.

"सरकारी आहे ना मॅडम ते? मला वाटलं आपोआप धरतील."

अशा वेळी काही मुलं "सगळं संपलं" असं म्हणतात. तिनंही म्हटलं. हे वाक्य मी कधीच नुसतं बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देत नाही. जीव नकोसा होतोय का, असं सरळ विचारते. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. पण झोप नव्हती, जेवण कमी झालं होतं आणि मैत्रिणींचे फोन ती घेत नव्हती. पालकांनीही हा प्रश्न विचारायला घाबरू नये, विचारल्यानं कुणाच्या मनात नसलेला विचार येत नाही. आणि उत्तर 'हो' असलं तर त्याच दिवशी मदत घ्यावी. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आता तिच्या प्रश्नाकडे. कोर्स बाद ठरला म्हणजे आपण केलेला अभ्यासही बाद, आपण फसवे ठरलो, अशी तिच्या मनात एकच मोठी गाठ बसली होती. मी तिला कोर्सबद्दल विचारलं. काय शिकलीस? सुरुवातीला अडखळली, मग स्मरणशक्तीवरच्या एका आठवड्याबद्दल बोलू लागली आणि बोलतच राहिली. ज्यानं काही केलेलंच नाही त्याला असं बोलता येत नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. शिकणं झालेलं होतं. राहिलं होतं ते कॉलेजच्या दप्तरात त्याची नोंद करून घेणं, आणि ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे मला नियमाबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण निम्मी भीती नियम न कळल्यामुळे असते.

'स्वयं' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. त्यावर वेगवेगळ्या राष्ट्रीय समन्वयक संस्थांचे कोर्स असतात. त्यातलं एनपीटीईएल हे आयआयटी आणि आयआयएससी यांचं काम तर २००३ पासूनचं. या कोर्सची क्रेडिट पदवीत धरण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र विनियम आहेत. २०१६ च्या विनियमांत एका सेमिस्टरमधल्या विषयांपैकी २० टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन घेण्याची मुभा होती, २०२१ च्या विनियमांनी ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे "ऑनलाइन कोर्सला काही किंमत नाही" हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य चूक आहे. पण त्याच विनियमांत दुसरी बाजूही आहे. कोणत्या कोर्सची क्रेडिट धरायची हे संस्था आपल्या विद्वत परिषदेमार्फत (अभ्यासक्रमाचे निर्णय घेणाऱ्या मंडळामार्फत) आधी ठरवते, आणि विद्यार्थ्यानं संस्थेमार्फत नोंद करायची असते. सीनियरनं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण "आधी" आणि "संस्थेमार्फत" हे दोन शब्द त्यातून गळले होते.

मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ नोंदणी या एका गोष्टीवर होतो, कारण नोंदणी एक नसते, तीन असतात. पहिली वेबसाइटवरची. ती फुकट असते, बटण दाबलं की झाली, आणि तेवढ्यानं फक्त व्हिडिओ बघता येतात व असाइनमेंट भरता येतात. दुसरी परीक्षेची. तिचा फॉर्म वेगळा, शेवटची तारीख वेगळी आणि फी वेगळी. अनेक मुलं सगळ्या असाइनमेंट मन लावून करतात आणि हा फॉर्मच भरत नाहीत. तिसरी नोंदणी कॉलेजमधली: आपला हा कोर्स कुठल्या विषयाच्या जागी, किती क्रेडिटचा, कुठल्या सेमिस्टरला धरायचा, हे कॉलेजनं मान्य करून लिहून ठेवणं. तिनं पहिल्या दोन चोख केल्या होत्या.

मार्कांचंही तसंच. एनपीटीईएलच्या नेहमीच्या पद्धतीत असाइनमेंटना २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण धरतात. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी घेतात. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. परीक्षेत ६५ मिळवलेल्या मुलाला असाइनमेंटमध्ये ८ आहेत म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही, तेव्हा त्याला तो अन्याय वाटतो. नियम सुरुवातीलाच वाचला असता तर दोन असाइनमेंट आणखी करून तो सहज पार झाला असता. कोर्सच्या पहिल्या पानावर हे सगळं लिहिलेलं असतं. मी प्रत्येकाला सांगते, पहिला व्हिडिओ नंतर बघ, ते पान आधी वाच.

दुसऱ्या भेटीला बाबा आले. मला या भेटीबद्दल जरा जास्त लिहायचं आहे, कारण अशा प्रकरणात खरा तिढा बऱ्याचदा घरातच असतो. ते रागावलेले होते, पण त्या रागाखाली काळजी होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: "रोज रात्री मोबाईलवर असायची. मी विचारलं की म्हणायची, लेक्चर आहे. मी विश्वास ठेवला. आणि मार्कशीटवर गैरहजर!"

मी मुलीला म्हटलं, तुझं खातं उघडून बाबांना दाखव. तिनं असाइनमेंटचं पान उघडलं. आठवडा, मुदत, मिळालेले गुण. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ओळीनं. बाबा बराच वेळ ते पान वर-खाली करत राहिले. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा तर आपण लग्नाला गेलो होतो तो आठवडा." ती म्हणाली, "गाडीत भरली होती." त्यानंतर ते मला काही म्हणाले नाहीत, तिलाच म्हणाले, "मग हे आधी का नाही दाखवलंस गं?" तिनं उत्तर दिलं, "तुम्ही विचारलं नाहीत, ओरडलात."

दोघांचंही बरोबर होतं. आणि दोघांनाही ते तिथेच कळलं, मला मध्ये पडावं लागलं नाही.

पालकांना माझी मनापासून विनंती आहे. मूल म्हणतंय की मी ऑनलाइन शिकतोय, तर महिन्यातून एकदा ते पान बघायला मागा. पाळत म्हणून नाही, परीक्षेचं वेळापत्रक विचारतो तसं. स्क्रीनसमोर बसलेल्या मुलाचा अभ्यास आणि करमणूक बाहेरून सारखीच दिसते. फरक त्या पानावर दिसतो. शिवाय असं बघणारं कुणी घरात असेल तर "कॉलेजला सांगितलंस का?" हा प्रश्नही कुणीतरी वेळेत विचारतं.

मग आम्ही तिघांनी मिळून अर्ज लिहिला. रडगाणं नाही, आरोप नाही. कोर्सचं नाव, कालावधी, आयोजक संस्था, गुण, सोबत सर्टिफिकेटची प्रत, आणि स्पष्ट विचारणा: ही क्रेडिट कुठल्याही स्वरूपात धरता येतील का, येणार नसतील तर कारण लेखी मिळावं, आणि पुढच्या सेमिस्टरला मान्य असलेल्या कोर्सची यादी मिळावी. अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत 'स्वयं'च्या समन्वयकांना. कॉलेजमध्ये असे समन्वयक होते हे तिला त्या दिवशी कळलं. अनेक कॉलेजांत ते असतात, आणि विद्यार्थ्यांना त्यांचं नाव माहीत नसतं. माझ्या मते इथे कॉलेजांनी जास्त करायला हवं. नोटीस बोर्डावर एक कागद लावून जबाबदारी संपत नाही. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात वर्गावर येऊन कुणीतरी दहा मिनिटं हे सांगितलं तर एवढी घालमेल होणार नाही. ज्या मुलाच्या घरात कॉलेजात गेलेलं हे पहिलंच पिल्लू आहे, त्याला हे दुसरीकडून कळायची सोयच नसते.

उत्तर आलं. इलेक्टिव्हच्या जागी क्रेडिट मिळाली नाहीत, कारण पूर्वमान्यता नव्हती आणि तो विषय तिच्या फॉर्मवर लागलेलाच होता. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण "एटीकेटी म्हणजे वर्ष गेलं" ही तिची समजूत चुकीची होती. एक विषय राहिला असला तरी तिला पुढच्या वर्षात प्रवेश मिळणार होता, आणि तो पेपर पुढच्या परीक्षेत देता येणार होता. हे एटीकेटीचे नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघावं, मित्राच्या विद्यापीठाचं नाही.

पुढच्या सेमिस्टरला तिनं यादीतलाच कोर्स घेतला. या वेळी कॉलेजकडून लेखी होकार आधी, नाव नंतर. क्रेडिटचा हिशोबही विचारून घेतला, कारण कोर्स किती आठवड्यांचा त्यावर त्याची क्रेडिट ठरतात आणि ती कॉलेजच्या विषयाच्या क्रेडिटशी जुळावी लागतात. परीक्षेच्या फॉर्मवर नाव मार्कशीटप्रमाणे भरलं, कारण तिथे जसं भरू तसंच सर्टिफिकेटवर छापलं जातं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ते खातंही तिनं तेव्हाच तपासलं. नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर तिथे क्रेडिट अडकतात, आणि ती दुरुस्ती करायला वेळ लागतो.

खाजगी कंपन्यांच्या कोर्सबद्दलही बरेच जण विचारतात. वर सांगितलेले विनियम 'स्वयं'साठी आहेत. खाजगी सर्टिफिकेट नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत उपयोगी पडू शकतं, पण ते दाखवून पदवीतला विषय सुटेल असं धरून चालू नका. आणि कोर्स आवडीसाठी करायचा असेल तर यातलं काहीच आड येत नाही. नाव घाला, शिका, झेपलं नाही तर सोडा. परीक्षेचा फॉर्म भरला नाही आणि कॉलेजच्या फॉर्मवर तो विषय लावलेला नसला, तर अर्धवट सोडल्याबद्दल मार्कशीटवर 'नापास' येत नाही. पुष्कळ मुलं याच भीतीनं नावच घालत नाहीत.

त्या मुलीनं इलेक्टिव्हचा राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेत दिला आणि सुटली. मानसशास्त्राचं सर्टिफिकेट पदवीत धरलं गेलं नाही ते नाहीच. मागच्या भेटीत ती पदवीनंतर त्याच विषयात पुढे शिकता येईल का, हे विचारायला आली होती. कॉमर्सच्या पदवीवर कुठे प्रवेश मिळतो, कुठे आधी पूरक अभ्यासक्रम करावा लागतो, याची माहिती आम्ही सध्या एकेका विद्यापीठाची प्रवेशपुस्तिका उघडून काढतो आहोत.