थुंब्याच्या चर्चमधलं स्पेस म्युझियम : अर्धा दिवस द्यावा का?

प्रश्न : डिसेंबरात केरळ ट्रिप आहे, शेवटचा एक दिवस तिरुवनंतपुरममध्ये मोकळा मिळतोय. मुलगी सहावीत आहे, चांद्रयान-३ उतरल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. थुंब्याला इस्रोचं म्युझियम आहे पण ते जुन्या चर्चमध्ये आहे म्हणे, घरचे म्हणतायत चर्चमध्ये कसलं रॉकेट बघणार, त्यापेक्षा कोवळमला जाऊ. काय करावं? आणि तिथून रॉकेट उडताना दिसेल का? – मुलीची आई, मिरज

उत्तर : ताई, नक्की जा. थुंबा शहरापासून दहा-बारा किलोमीटरच आहे, सकाळी ते करा आणि कोवळम संध्याकाळसाठी ठेवा, तिथला सूर्यास्त सुंदर असतो.

चर्चमध्ये काय बघणार म्हणत असतील तर मी म्हणेन आधी चर्चच नीट बघा. सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. साठच्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम साराभाई रॉकेट सोडायला जागा शोधत होते, त्या शोधात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस त्यांच्याबरोबर होते (मिरजेच्या मुलीला हे आवर्जून सांगा), आणि पसंत पडली ही मच्छिमारांची वस्ती. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी चर्च दिलं, स्वतःचं राहतं घर दिलं, गावकरी पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून दुसरीकडे राहायला गेले. मग चर्चमध्ये रॉकेटची जुळवाजुळव आणि बिशपच्या घरात ऑफिस सुरू झालं. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक बांधून नेतायत तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल, तो इथलाच. मला खरंच वाटतं की या गावकऱ्यांचं नाव चांद्रयानाच्या गोष्टीत सगळ्यात आधी यायला हवं, मुलीला आत शिरण्याआधी एवढं सांगून ठेवा म्हणजे ती त्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आता थुंबाच का, हे ती विचारणारच. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तेव्हा इथून अगदी जवळून जात होतं. या रेषेवर होकायंत्राची सुई वर-खाली फिरू शकेल अशी टांगली तरी न झुकता आडवी राहते, आणि याच पट्ट्यात जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. तेवढ्या उंचीवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही, म्हणून मोजायला छोटी साउंडिंग रॉकेट्स, म्हणजे वर जाऊन मोजमाप करून खाली पडणारी रॉकेट्स लागतात. पहिलं रॉकेट सुटलं २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी, नाइकी-अपाची, रॉकेट अमेरिकेचं, आतला सोडियमचा पेलोड, म्हणजे वर न्यायचं सामान, फ्रान्सचा. वर सोडलेल्या सोडियमच्या वाफेवर मावळतीचं ऊन पडून आकाशात नारिंगी ढग दिसतो आणि तो कसा पसरतो त्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधतात, केवढी साधी आणि हुशार युक्ती!

चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला आपलं स्वतःचं रोहिणी, आरएच-७५ उडालं. त्यातला ७५ म्हणजे मिलिमीटरमधली जाडी, मुलीच्या मुठीएवढी. त्यानंतर एसएलव्ही-३ या उपग्रह कक्षेत नेणाऱ्या आपल्या पहिल्या रॉकेटची माहिती वाचा, २२ मीटर उंच, १७ टनांचं. ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं आणि १८ जुलै १९८० ला रोहिणी याच नावाचा उपग्रह कक्षेत गेला. कलाम त्याचे प्रकल्पप्रमुख होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेव्हा इथल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते, घन इंधनातलं त्यांचं काम फार मोठं, आणि आपल्याकडच्या मुलांना ते नाव माहीतच नसतं याचं मला वाईट वाटतं.

उड्डाणाचं म्हणाल तर मोठी रॉकेट्स थुंब्याहून जात नाहीत, ती श्रीहरिकोट्याहून जातात. पूर्वेकडे सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो आणि जळून गेलेले टप्पे बंगालच्या उपसागरात पडतात, थुंब्याच्या पूर्वेला मात्र सगळी वस्ती. म्हणून थुंब्याला फक्त छोटी साउंडिंग रॉकेट्स, तीही अरबी समुद्राकडे. मोठं उड्डाण बघायचं तर श्रीहरिकोट्याला प्रेक्षक गॅलरी आहे, ऑनलाइन नाव नोंदवून जाता येतं, पण ती वेगळी ट्रिप करा.

जाताना सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, परिसर सुरक्षेतला आहे, आणि वेळ व सुट्टीचा वार आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. दोन-अडीच तास तरी ठेवा, मोठ्या रॉकेटपाशी सेल्फी काढून दहा मिनिटांत बाहेर पडू नका. जवळच वेळीचं बॅकवॉटर आहे, दुपारी तिथे बोटीत बसता येईल, आणि मुलगी अजून दमली नसेल तर कोवळमच्या आधी शहरातलं प्रियदर्शिनी तारांगणही करून घ्या.