आयसीपीसीसाठी उबुंटूची इमेज बनवताना

पहिल्यांदाच आयसीपीसीसाठी (कॉलेजच्या टीमची प्रोग्रॅमिंग स्पर्धा) मशीन लावतोयस, तर एक पक्कं धर: जीसीसी (सी/सी++चा कंपायलर), जावा, पायथनचं जे व्हर्जन डोमजजच्या (स्पर्धेतले प्रोग्रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) जजहोस्टवर, म्हणजे कोड चालवून बघणाऱ्या मशीनवर, तेच टीमच्या मशीनवर. टीमच्या तिघांत एकच कॉम्प्युटर आणि ५ तास. ते 'माझ्याकडे तर चालतंय'मध्ये वाया जाणं हा पोरांवर अन्याय आहे.

एका मशीनवर उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारं व्हर्जन) टाकून सगळं बसव, मग त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, क्लोनझिला या टूलने बाकी मशीनवर उतरव. पण इमेज घेण्याआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करच. नाहीतर सगळ्या क्लोनची ओळख एकच राहते आणि डीएचसीपी (नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारी सेवा) दोन मशीनना एकच आयपी देऊन बसू शकतो. कारण शोधता शोधता जीव जातो. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यासुद्धा प्रत्येक मशीनवर नव्याने बनव.

फायरवॉलमध्ये फक्त जज सर्व्हर उघडा ठेव, पेनड्राइव्ह बंद. आदल्या दिवशीच्या सरावात प्रत्येक भाषेत एकेक सबमिशन स्वतः करून बघ.